आधी उंबरठा, मग इंजिन

जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन : लेखांक ६

गंजलेली जुनी स्पोर्ट्‌स कार घरच्या गॅरेजमध्ये उभी करून तिच्यात मूळच्यापेक्षा मोठे इंजिन बसवण्याचा उद्योग ब्रिटनमध्ये गेली पाच दशके चालत आला असून, त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘एमजीबी’ ही मोटार होय. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. त्यांतील १,७९८ घनसेंटिमीटरचे चार दट्ट्यांचे इंजिन सुमारे ९५ अश्वशक्ती देई. त्याच्या जागी रोव्हर कंपनीचे आठ दट्ट्यांचे ‘व्ही-एट’ इंजिन बसवण्याची वाट केन कॉस्टेलो या ब्रिटिश तंत्रज्ञाने दाखवली आणि पुढे १९७३ ते १९७६ दरम्यान खुद्द कारखान्यानेच अशा २,५९१ बंद टपाच्या गाड्या तयार केल्या. या फेरबदलाचा विचार करताना लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. प्रत्यक्षात मात्र कामाचा आरंभ दाराखालच्या पत्र्यापासून करावा लागतो.

एमजीबीला ट्रकप्रमाणे स्वतंत्र सांगाडा नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून बनवलेले कवच हाच तिचा सांगाडा असून, अशा रचनेला ‘मोनोकॉक’ म्हणतात. उघड्या टपाच्या गाडीत वरून आधार देणारे छत नसल्यामुळे, पुढची आणि मागची चाके यांच्यामधला भार मुख्यतः मधला बोगदा आणि दोन्ही दारांखालचे उंबरठे, म्हणजेच ‘सिल’, यांच्यावर पडतो. सिल हा बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्यामधला उभा पडदा असा तिहेरी असून त्यांची मिळून एक बंद पेटी होते. पोकळ नळी हाताने पिळवटत नाही, परंतु तिला लांबीभर उभी चीर दिली की तीच नळी सहज पीळ घेते. सिलचे बळही असेच त्याच्या बंदपणात असते आणि गंज नेमकी ती चीर पाडतो.

पुढच्या चाकाने उडवलेला चिखल सिलच्या पुढच्या टोकाशी साचतो, त्यात हिवाळ्यात ब्रिटनच्या रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ मिसळते आणि पाणी वाहून जाण्याची भोके बुजली की पत्रा आतून कुजू लागतो. लोखंडाच्या गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा कित्येक पट मोठे असल्यामुळे, एकमेकांवर जोडलेले दोन पत्रे गंज धरताच फुगून विलग होतात. बाहेरून पुट्टी भरून रंग दिलेला असेल तर हे दिसत नाही. अशा वेळी साधे लोहचुंबक फिरवून पाहिले जाते, कारण जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे हे उघड होते. जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवून केलेली मलमपट्टी तर अधिक फसवी, कारण तिच्याखाली गंज वाढतच राहतो.

सिल बदलताना गाडी सपाट जमिनीवर पक्क्या घोड्यांवर ठेवली जाते, दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या नळ्या वेल्ड करून तिचा आकार जखडला जातो आणि मगच जुना पत्रा कापला जातो. हे न केल्यास कवच मध्यभागी खचते व काम संपल्यावर दार बसत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दार लावून त्याच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे की नाही, हे तपासावे लागते. दोन्ही बाजू एकदम उघडणे निषिद्ध मानले जाते. नवे पत्रे जोडताना वरच्या पत्र्याला ठरावीक अंतरावर भोके पाडून ती वेल्डिंगने भरली जातात. या पद्धतीला ‘प्लग वेल्ड’ म्हणतात. सांध्यांच्या आत आधी जस्तयुक्त रंग आणि शेवटी पोकळीत मेण फवारल्यावर हे काम पूर्ण होते.

एवढे झाल्यावर इंजिनाचा विचार करता येतो. रोव्हरचे ३,५२८ घनसेंटिमीटरचे हे इंजिन मूळ अमेरिकेतील ब्यूइक कंपनीचे असून, ते अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे दुप्पट दट्ट्ये असूनही त्याचे वजन मूळच्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या जवळपास भरते. त्यामुळे गाडीचा तोल ढळत नाही. अडचण येते ती रुंदीची आणि उंचीची. एका बाजूची धूर बाहेर नेणारी नळी स्टिअरिंगच्या दांड्याला भिडू पाहते, तर कार्ब्युरेटर बॉनेटला टेकतात. कॉस्टेलोने यासाठी बॉनेटला फुगवटा दिला, तर कारखान्याने वेगळी नळीरचना करून कार्ब्युरेटर मागे सरकवले.

इंजिनाची पीळशक्ती, म्हणजे दांडा फिरवण्याचे बळ, सुमारे १४९ न्यूटन-मीटरवरून २६२ वर, म्हणजे पावणेदोन पटींवर जाते. हे बळ क्लच, गिअरपेटी आणि मागचा आस यांना पेलावे लागते. कारखान्याने मागच्या आसाचे गुणोत्तर ३.९०९ वरून ३.०७ केले, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाला पूर्वीपेक्षा सुमारे एकपंचमांश फेऱ्या कमी घ्याव्या लागतात. ब्रेकच्या चकत्याही जाड केल्या गेल्या. या सर्व भागांवरचा ताण शेवटी कवचात उतरतो. गंजलेल्या सिलवर तो टाकला तर दारे अडू लागतात आणि सांधे उलतात.

भारतातील वाचकांसाठी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणीमाला आली. मात्र सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेले वाहन त्या व्याख्येत बसत नाही. गंजलेला पत्रा मूळ मापाने बदलणे आणि परके इंजिन बसवणे यांतला भेद येथे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

मोठ्या इंजिनाबरोबर येणाऱ्या उष्णतेचा निचरा कसा करायचा आणि त्यासाठी रेडिएटर व पंखे कोठे बसवायचे, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.