सेवापदक कोणाला मिळते ?

सैनिकाच्या छातीवर पदक दिसले की ते त्याने शौर्य गाजवून मिळवले असावे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः सैन्यातील पदकांचे दोन निराळे वर्ग आहेत. शौर्यपदक हे एखाद्या विशिष्ट कृत्याबद्दल, वरिष्ठांच्या शिफारशीनंतर मिळते. सेवापदकाला शिफारस लागत नाही. ठरलेल्या तारखांच्या दरम्यान, ठरलेल्या प्रदेशात, ठरलेले दिवस सेवा झाली की सैनिक त्यास पात्र होतो. पहिल्यात माणसाची करणी पाहिली जाते. दुसऱ्यात त्याचे ठिकाण आणि तारीख.

दुसऱ्या महायुद्धातील मराठी सैनिकांचे उदाहरण घेतले म्हणजे हा फरक चांगला ध्यानात येतो. रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी, आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. हे झाले शौर्य. पण ‘इटली स्टार’ या सेवापदकाला हे दोघे वीर आणि त्यांच्याच पलटणीतील, कधी गोळी न झाडलेला एखादा लिपिक शिपाई, सारखेच पात्र होते. कारण ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या रणक्षेत्रात कामावर एक दिवस हजर असणे, एवढीच त्याची अट होती.

या विषयाकडे मी वळलो त्याला घरगुती कारण घडले. आमच्या गावातून त्या युद्धात बरीच माणसे गेली. शेजारच्या भावकीत तीन तारे आहेत. माझ्या पणजोबांच्या पेटीत मात्र एकच गोल पदक. “तुमचे म्हातारबा लढाईवर गेले कुठं ? तळावर बसून पगार खाल्ला,” हे बोलणे आमच्या घराने दोन पिढ्या ऐकून घेतले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटले की पदकांच्या संख्येवरून माणसाची किंमत करण्याआधी ती संख्या ठरते कशी, हे तरी पाहावे.

नियम थोडक्यात असे आहेत. ‘१९३९-४५ स्टार’ या ताऱ्यासाठी भूदलातील सैनिकाला साधारणतः १८० दिवसांची रणक्षेत्रातील सेवा आवश्यक होती. सेवेमुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर दिवसांची अट आड येत नसे. ‘आफ्रिका स्टार’साठी १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत एक दिवस पुरे, सुदान, एरिट्रिया, अबिसीनिया या भागांसाठी मात्र शेवटची तारीख २७ नोव्हेंबर १९४१ होती. मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली, ती याच मुदतीत. ‘बर्मा स्टार’ ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातील ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी आहे. मलाया-सिंगापूरकडे लढलेल्यांना ‘पॅसिफिक स्टार’ मिळे; आणि ज्याची सेवा दोन्हीकडे झाली त्याला तारा एकच, दुसऱ्याच्या नावाची केवळ पट्टी फितीवर लावायची.

हे सर्व तारे एकाच घडणीचे, पिवळसर धातूचे आणि सहा टोकांचे आहेत. ते ओळखायचे मुख्यतः फितीवरून. आफ्रिकेच्या फितीत वाळवंटाचा फिकट रंग आहे आणि त्यावर तिन्ही दलांचे पट्टे आहेत. ब्रह्मदेशच्या फितीतील नारिंगी रंग सूर्याचा, तर इटलीच्या फितीत त्या देशाच्या निशाणाचे हिरवा, पांढरा व तांबडा हे रंग आहेत. पेटीतील कागद हरवले आणि फीत तेवढी राहिली, तरी माणूस कोणत्या खंडात गेला होता हे सांगता येते.

नियम काटेकोर असले म्हणजे ते न्याय्य असतातच असे नाही. आफ्रिका स्टारच्या फितीवर काहींना ‘८’ हा आकडा लावता येई; तो आठव्या सैन्याचा. हे सैन्य सप्टेंबर १९४१ मध्ये उभे राहिले. परंतु आकड्यासाठी धरलेली मुदत सुरू झाली २३ ऑक्टोबर १९४२ पासून, म्हणजे एल अलामीनच्या विजयी लढाईच्या दिवसापासून. मराठा लाईट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. ती त्याच आठव्या सैन्यात होती, तरी त्या कैद्यांच्या ताऱ्यावर ‘८’ नाही. पराभवाच्या काळात झुंजलेल्यांच्या नशिबी साधी फीत आली आणि विजयाच्या काळात आलेल्यांना आकडा मिळाला !

ब्रह्मदेशच्या ताऱ्याचेही असेच. १ मे १९४२ ते ३१ डिसेंबर १९४३ या काळात बंगाल व आसाम प्रांतांतील सेवा त्यासाठी धरली जाई. १ जानेवारी १९४४ पासून या प्रांतांचा पूर्वेकडील ठरावीक भागच उरला. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाक येथे चौथ्या मराठा पलटणीने जपान्यांना तोंड दिले. तेथील सैनिकांच्या पात्रतेबद्दल प्रश्नच नव्हता. पण दोन वेगळ्या वर्षी, बंगालच्या एकाच ठाण्यावर, एकच काम करणाऱ्या दोन शिपायांपैकी एकाला तारा मिळावा व दुसऱ्याला मिळू नये, हे या नियमाने शक्य होते.

आता गोल पदकांकडे वळू. ‘वॉर मेडल’ला केवळ २८ दिवसांची पूर्णवेळ सेवा लागे, मग ती रणांगणावर असो वा छावणीत. त्याच्या पाठीवर दोन तोंडांच्या सर्पासुरावर उभा असलेला सिंह आहे. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ हे खास हिंदी सैन्यासाठी. त्यावर भारताचा नकाशा आहे. रणक्षेत्राबाहेर तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी ते काढले. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या मुदतीतील सेवाच त्यात मोजली जाई.

येथे साधे गणित करून पाहावे. २ सप्टेंबर १९४२ नंतर जो भरती झाला, त्याला मुदत संपेपर्यंत तीन वर्षे भरताच येत नव्हती. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी. त्या पहिल्या तुकडीतील, देशातच बंदोबस्तावर राहिलेला जवान या पदकापर्यंत पोहोचू शकत होता. पुढल्या वर्षी दिवाळीला भरती झालेला त्याचा धाकटा भाऊ, त्याच पलटणीत तेच काम करूनही, पोहोचू शकत नव्हता.

माझ्या पणजोबांच्या सेवापुस्तकात भरतीची नोंद आहे जानेवारी १९४३ ची. पुढे त्यांना प्रशिक्षण केंद्रातच नव्या जवानांना कवायत शिकवण्यास ठेवून घेतले. सप्टेंबर १९४५ पर्यंत त्यांची सेवा होते दोन वर्षे आठ महिने. म्हणून वॉर मेडल मिळाले आणि दुसरे मिळाले नाही. ते कोठे राहणार हे हुकमाने ठरले, त्यांच्या धैर्याने वा भित्रेपणाने नव्हे. त्यांनी तयार केलेली पोरे ब्रह्मदेशात गेली की इटलीत, याची नोंद कोणत्याच फितीवर नसते.

स्वातंत्र्यानंतरही तत्त्व तेच राहिले. १९४७ च्या सामान्य सेवा पदकावर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी लागते, ती त्या मोहिमेतील सेवेबद्दल. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणाऱ्या सैनिकांना मिळाले. त्याच्या आदल्याच दिवशी निवृत्त झालेला त्यात बसत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पदके असतील त्यांनी ती घासूनपुसून ठेवावीतच, पण त्याहून अधिक जपावे ते सेवापुस्तक आणि सैन्यातून सुटल्याचा दाखला. पलटण, भरतीची तारीख आणि बदल्यांच्या नोंदी त्यातच सापडतात, आणि पात्रतेचा प्रत्येक प्रश्न शेवटी त्या नोंदींवरच सुटतो. धातू चोराला विकता येतो, कागद वाळवी खाते. पदक गेले तरी नोंदीवरून त्याचा हक्क सिद्ध करता येईल. नोंद गेली, तर पेटीतल्या पदकाबद्दल शेजारी जे सांगतील तेच खरे मानण्याची पाळी येते.