संगीत नाटकातील ऑर्गनवादक

मराठी संगीत नाटकात गायक नटाला ऑर्गनवर स्वरसाथ करणाऱ्या वादकास ऑर्गनवादक म्हणतात. तबलजीसह तो रंगमंचापुढे, काहीशा खालच्या जागेत बसतो. नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे ठळक असत. साथीदाराचे नाव बहुधा जाणकारांच्याच तोंडी राही.

वाद्य
ऑर्गनचा भाता पायांनी चालवला जातो. त्यामुळे वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे राहतात. हातपेटीपेक्षा याचा नाद भरीव असून तो ध्वनिवर्धकाविना नाट्यगृहभर पोहोचे. मात्र पट्ट्यांचे स्वर ठरलेले असल्याने मींड काढता येत नाही. याच उणिवेवर बोट ठेवून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला बंदी केली होती. रंगभूमीवर मात्र या स्वरपेट्यांचे स्थान टिकून राहिले.

साथीचे स्वरूप
संहिता ठरलेली असली तरी पद ठरलेले नसे. बालगंधर्व (1888–1967) ‘वन्समोअर’ मिळताच तेच पद नव्या अंगाने मांडत, आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. नट रंगमंचावर वावरत गात असल्याने ऑर्गनवादकाला त्याचा श्वास व नजर पाहून पुढची जागा ओळखावी लागे. संवाद संपण्यापूर्वी सूर देणे, ताना चालू असताना मागे राहणे आणि गायक थांबताच पोकळी भरणे, ही त्याची मुख्य कामे होत. स्वतःचे कौशल्य अधिक दाखविल्यास गाणे झाकोळते आणि कमी पडल्यास गायक उघडा पडतो.

प्रमुख वादक
हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी ‘मानापमान’ (1911) या नाटकाच्या पदांना चाली दिल्या. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे संस्थापक झाले. साथीदार मालकपदी पोहोचल्याचे हे विरळ उदाहरण होय. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष व तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. पुढील पिढीत गोविंदराव पटवर्धन (1925–1996) यांनी छोटा गंधर्व आदींना साथ करून नाव मिळविले.

तुलना
पाश्चात्त्य संगीतात कॉस्मे मॅकमून या पियानोवादकाचे उदाहरण दिले जाते. सूर-लय न सांभाळणाऱ्या अमेरिकन गायिका फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स यांना त्यांनी साथ केली. 25 ऑक्टोबर 1944 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील त्यांच्या मैफलीतही तेच वादक होते. तेथे साथीदाराला गायिकेच्या चुका सावराव्या लागत, तर बालगंधर्वांचा सूर व लय पक्की असूनही त्यांची पुढची कल्पना कोणालाच ठाऊक नसे. दोन्ही ठिकाणी गायकाच्या लहरीसोबत क्षणोक्षणी बदलणे हेच साथीदाराचे काम होते.

सद्यस्थिती
बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटक मंडळ्या ओसरल्या आणि पूर्ण वेळ ऑर्गनवादकाचा व्यवसायही आटला. आज हे वाद्य मुख्यतः जुन्या नाटकांच्या पुनरुज्जीवित प्रयोगांत आणि नाट्यसंगीताच्या मैफलींत ऐकू येते.