चमचाभर लाल पाऊस, साडेचार कोटी कण

२५ जुलै २००१ पासून केरळात कोट्टयम परिसरात लाल पाऊस पडू लागला आणि दोन महिने अधूनमधून पडतच राहिला. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ९० लाख कण होते, म्हणजे चहाच्या चमचाभर पाण्यात साडेचार कोटी! २०११ च्या जनगणनेत अख्खी मुंबई सव्वा कोटीही भरली नव्हती. कोट्टयमच्या महात्मा गांधी विद्यापीठातले गॉडफ्री लुईस आणि संतोष कुमार यांनी एकूण कण ५० हजार किलो धरले आणि ते धूमकेतूतून आलेले जीव असावेत, असं मांडलं.

पण हा हिशेब मुंबईवर मांडून पाहा. त्यांनी धरलेलं लाल पाणी ५ लाख घनमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या ६८ चौरस किलोमीटरवर ते ओतलं, तर जेमतेम ७ मिलिमीटर भरतं. तेवढ्यात पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाताला घोटाही भिजणार नाही. त्यातल्या कणांसाठी धूमकेतू कशाला हवा? तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेत त्या कणांपासून ट्रेंटेपोहलिया हे शेवाळ वाढलं. ओल्या खोडांवर तांबडे डाग पाडणारं हे शेवाळ बुरशीच्या संगतीने लायकेन बनवतं. लालबागच्या मसाला गल्लीतलं दगडफूलही लायकेनच.

पृथ्वीबाहेरचे जीव शोधायचेच, तर मला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा मार्ग पटतो: जिथे जमिनीवरचा कचरा पोहोचणं अवघड, तिथेच जाऊन शोधा. लाल पावसाच्याच वर्षी, २१ जानेवारी २००१ ला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली. तीत जिवंत पेशी सापडल्या. नारळीकरांच्या गटाचा अंदाज होता की पृथ्वीवर रोज एक तृतीयांश टन जैविक द्रव्य वरून उतरत असावं. मुंबई शहराच्या, म्हणजे त्याच ६८ चौरस किलोमीटरच्या, वाट्याला त्यातलं ४४ मिलिग्रॅम, तांदळाचे दोन दाणे! पण एक जिवाणू ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग धरला, तर ते ४,४०० कोटी जीव होतात. २०११ च्या जनगणनेतल्या तिथल्या ३१ लाख रहिवाशांमागे रोज प्रत्येकी १४ हजार.

अशाच २००५ च्या बलूनने तीन नव्या जिवाणू-जाती आणल्या. त्यांचं मूळ पृथ्वीबाहेर आहे हे सिद्ध झालेलं नाही, असं इस्रोनेच स्पष्ट केलं. त्यांपैकी बॅसिलस आर्यभट्टाय पुढे मध्य भारतात सोयाबीनच्या मुळांजवळच्या मातीतही सापडला.