बोरीवरचा कोसा

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा टसर पतंगाचा कोष उघड्याबोडक्या फांदीला लटकून असतो. वर करड्या रेशमाचा टणक कोसा, आत ना अन्न, ना पाणी. हिवाळ्यापासून त्याचा मुक्काम तिथेच. पावसाची चाहूल लागेपर्यंत तो बाहेर येत नाही.

सातपुड्यासारख्या पानझडी रानात पानाला नुसतं चिकटवलेलं घर पानाबरोबरच खाली आलं असतं. अळी त्याची तजवीज आधीच करते. कोसा विणण्यापूर्वी ती रेशमाचा देठ काढते आणि त्याच्या टोकाचं कडं फांदीभोवती आवळते. पानं गळतात, कोसा राहतो. आयुष्यात एकदाच विणणाऱ्या जिवाला हे कुठून सुचतं!

गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढीवर कुटुंबं ऐनाच्या झाडांवर या अळ्या सोडतात आणि पाखरांपासून राखण करतात. खानदेशात हौसेखातर पाळायच्या, तर बांधावरची बोर आहेच. ऐन-अर्जुनासारखीच तीही अळीला चालते. अंडी पाळणाऱ्यांकडूनच घ्यावीत, यावल अभयारण्यातून काही उचलू नये. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवून बाटलीचं तोंड कापसाने बंद करायचं, नाहीतर अळ्या आत उतरून बुडतात. मुंग्या आणि पाली दूर ठेवायच्या. अळी डोकं वर करून गप्प बसली की हात लावायचा नाही: ती कात टाकते आहे. अशा चार काती टाकून महिना-सव्वा महिन्यात ती हिरवीगार आणि बोटापेक्षा जाड होते. तोवर तिचं वजन हजारो पटींनी वाढलेलं असतं.

एवढी खादाडी कशासाठी, ते नंतर कळतं. पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं! पंख, उड्डाण, मीलन, अंडी, सगळं अळीच्या साठवणीवर. मग एवढा टणक कोसा तो फोडतो कसा? कफाटोस आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी 1964 साली याच कुळातल्या पतंगांवर दाखवून दिलं, की पतंग एक पाचक रस सोडतो, त्याने रेशमाचा डिंक विरघळतो आणि धागे बाजूला सरकवून तो बाहेर पडतो. बाहेर आल्यावर पंख पसरायला त्याला उभी जाळी लागते. पंजाएवढ्या पंखांवर चार पारदर्शक खिडक्या असतात. त्यांतून खरंच पलीकडचं दिसतं.

नराच्या पिसांसारख्या मिशा मादीचा गंध टिपतात. फ्रान्समध्ये कीटकशास्त्रज्ञ फाब्रने याच कुळातली मादी जाळीखाली ठेवली, तर एका रात्रीत चाळीसेक नर घरात शिरले. जळगावच्या भर वस्तीत तेवढी आशा नको. रावेर तालुक्यातल्या पालला, सातपुड्याच्या कुशीत राहत असाल तर मादी रात्री जाळीत टांगून बघा. नर आलाच, तर शे-दोनशे अंडी मिळतील. तेवढ्या अळ्यांना एक बोर पुरणार नाही, शेजारच्या बांधावाल्याशी आधीच बोलून ठेवा.