थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र

थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र हे बायबलच्या नव्या करारातील एक पुस्तक आहे. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातील नव्याने स्थापन झालेल्या ख्रिस्ती मंडळीला हे पत्र ग्रीक भाषेत लिहिले. त्यात ५ अध्याय व ८९ वचने आहेत. पत्राचा काळ साधारणतः इ.स. ५० ते ५१ मानला जातो. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते हे पौलाचे सर्वांत जुने उपलब्ध पत्र असून, त्यामुळे ते आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती लेखनही ठरते. काही अभ्यासक हा मान गलतीकरांस पत्राला देतात. चारही शुभवर्तमाने यानंतर लिहिली गेली, असे सामान्यतः मानले जाते.

पार्श्वभूमी

थेस्सलनीका (सध्याचे ग्रीसमधील थेस्सलोनिकी) हे मासेदोनिया या रोमन प्रांताच्या राजधानीचे शहर व महत्त्वाचे बंदर होते. पूर्व-पश्चिम जाणारा एग्नाशिया हा रोमन राजमार्ग येथून जात असे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकानुसार पौल व त्याचे सहकारी फिलिप्पै येथून या शहरात आले. पौलाने तीन शब्बाथ सभास्थानात वादविवाद केला. पुढे विरोध वाढून जमावाने यासोन नावाच्या गृहस्थाच्या घरावर हल्ला केला, तेव्हा त्यांना रातोरात शहर सोडावे लागले.

पत्रातून दिसणारे चित्र काहीसे वेगळे आहे. वाचक मूर्तिपूजा सोडून आलेले आहेत असे पत्र म्हणते, म्हणजे ते प्रामुख्याने यहूदीतर असावेत. आपण कोणावर भार न टाकता रात्रंदिवस श्रम केले, असे पौल सांगतो. फिलिप्पैकरांनी थेस्सलनीका येथे आपल्याला एकाहून अधिक वेळा मदत पाठवली, असा उल्लेखही त्याच्या दुसऱ्या एका पत्रात आहे. त्यामुळे त्याचा मुक्काम तीन आठवड्यांहून अधिक असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

मागे राहिलेल्या मंडळीच्या चिंतेने पौलाने अथेनै येथून तीमथ्याला तिकडे पाठवले. मंडळी विश्वासात टिकून असल्याची वार्ता घेऊन तो परतल्यावर हे पत्र लिहिले गेले. पत्राच्या प्रारंभी पौल, सिल्वान व तीमथ्य या तिघांची नावे आहेत.

कालनिश्चिती

पत्रावर दिनांक नाही. ते करिंथ येथून लिहिले गेले असे मानले जाते. करिंथमधील वास्तव्यात पौलाला गल्लियो या रोमन अधिपतीसमोर उभे करण्यात आले होते, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखात सम्राट क्लॉडियसच्या पत्रात गल्लियोचा अखया प्रांताचा अधिपती म्हणून उल्लेख आहे. शिलालेखातील सम्राटाच्या बिरुदांवरून तो सुमारे इ.स. ५२ चा ठरतो व गल्लियोची कारकीर्द इ.स. ५१-५२ च्या सुमारास येते. पौलाच्या जीवनक्रमाची कालगणना मुख्यतः याच आधारावर उभी आहे.

आशय

पहिल्या तीन अध्यायांत आभार, सहवासाच्या आठवणी व ताटातुटीचे दुःख आहे. उरलेल्या दोन अध्यायांत शुद्ध आचरण, परस्पर प्रेम व स्वतःच्या हातांनी काम करून निर्वाह करणे यांविषयी उपदेश आहे. जुन्या करारातील एकही वचन पत्रात थेट उद्धृत केलेले नाही.

पत्राचा गाभा मृतांविषयीच्या प्रश्नात आहे. येशूच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्या या मंडळीतील काही जण दरम्यान मरण पावले होते. ते त्या सोहळ्याला मुकणार का, अशी शंका मागे राहिलेल्यांना पडली असावी. मंडळीचा प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत होता हे पत्रात नोंदलेले नाही. अभ्यासकांना तो पौलाच्या उत्तरावरूनच जुळवावा लागतो. मृतांचा उल्लेख 'झोपी गेलेले' असा करून पौल सांगतो, की मृत प्रथम उठतील व नंतर जिवंत असलेले त्यांच्यासह प्रभूला भेटतील. शोक करू नका असे तो म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे म्हणतो. या वर्णनात तो स्वतःची गणना जिवंत राहणाऱ्यांत करतो. यावरून हे पुनरागमन आपल्या हयातीतच घडेल अशी त्याची त्या वेळी अपेक्षा असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

येथे भेटीसाठी वापरलेला 'अपान्तेसिस' हा ग्रीक शब्द मान्यवर पाहुण्याला सामोरे जाऊन त्याला नगरात आणण्याच्या प्रथेसाठीही वापरला जाई. त्या आधारे काही अभ्यासक हे दृश्य स्वागताचे मानतात. याउलट, विश्वासणारे पृथ्वीवरून उचलले जातील ही शिकवण याच उताऱ्यावर आधारलेली असून, १९ व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यामुळे तिचा मोठा प्रसार झाला.

पाठ व वाद

'पपायरस ४६' या सुमारे इ.स. २०० च्या हस्तलिखितात पत्राचे काही तुकडे आहेत. चौथ्या शतकातील सिनायटिकस व व्हॅटिकानस या हस्तलिखितांत ते पूर्ण आढळते. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात काही हस्तलिखितांत 'नेपिऑय' (बालके), तर काहींत 'एपिऑय' (सौम्य) असा पाठ आहे. दोहोंत केवळ एका अक्षराचा फरक असून आधीचा शब्दही त्याच अक्षराने संपतो. त्यामुळे नकलताना ते अक्षर गळले किंवा दोनदा लिहिले गेले असावे.

त्याच अध्यायातील यहूद्यांवर कठोर टीका करणारी १४ ते १६ ही वचने सर्वाधिक वादग्रस्त आहेत. ती पौलाच्या रोमकरांस पत्रातील भूमिकेशी जुळत नाहीत व त्यांत इ.स. ७० मधील यरुशलेमच्या विध्वंसाचा संदर्भ दिसतो, असे सांगून बर्गर पिअर्सन यांनी १९७१ साली ती नंतरची भर असल्याचे प्रतिपादन केले. मात्र ही वचने नसलेले एकही हस्तलिखित सापडलेले नाही. त्यामुळे अनेक अभ्यासक ती मूळचीच मानतात व छळ सोसणाऱ्या एका लहान गटाला स्वतः यहूदी असलेल्या लेखकाने लिहिलेले शब्द म्हणून ती वाचतात. पुढील काळात यहूदीद्वेषाच्या समर्थनार्थ अशा वचनांचा वापर झाल्याने हा संदर्भ लक्षात घेणे महत्त्वाचे मानले जाते.