मॅसेटर पेशीची धमनी आणि हनुसंधीतील विद्धकर्म

तोंड उघडत नाही अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण आम्हा मुळशी तालुक्यातील वैद्यांना नवे नाहीत. अशा रुग्णांत हनुसंधीजवळ विद्धकर्म केले जाते. म्हणून तेथील रचना प्रस्तुत लेखात विशद करीत आहोत.

सुश्रुताचार्यांनी हनूच्या दोन्ही बाजूंस आठ-आठ सिरा सांगून त्यांतील दोन-दोन संधिधमनी वर्ज्य मानल्या आहेत. पुढच्याच अध्यायात मात्र अपस्मारात हनुसंधिमध्यगत सिरेचा वेध सांगितला आहे. आमच्या मते हा विरोध नव्हे. वेध उत्तान सिरेचा, निषेध धमनीचा.

मॅसेटर ही चर्वणाची बलवान पेशी गंडास्थीच्या कमानीपासून जबड्याच्या कोनापर्यंत उतरते. तिची धमनी गालाच्या बाजूने न येता आतून येते. बाह्य कॅरोटिडची अंत्य शाखा असलेली मॅक्झिलरी धमनी जबड्याच्या ग्रीवेमागून आत वळते. तिच्या दुसऱ्या भागातून ही बारीक शाखा निघते, टेम्पोरॅलिसच्या कंडरेमागून जाते आणि जबड्याच्या वरच्या कडेवरील खाचेतून, मॅसेटरच्याच नाडीसह, पेशीच्या अंतःपृष्ठात शिरते. तेथे फेशियल व ट्रान्सव्हर्स फेशियल धमन्यांच्या शाखांशी तिचा संयोग होतो. त्यामुळे एक मार्ग रुद्ध झाला तरी पेशीचे पोषण थांबत नाही. छेद झाल्यास मात्र रक्त दोन्ही टोकांकडून येऊ शकते.

ही खाच बोटाला सापडते. कानापुढे, कमानीच्या लगेच खाली, तोंड मिटले असता खळगा लागतो. तोंड उघडताच अस्थिशीर्ष पुढे सरकून तो भरतो. वेधासाठी सोयीचा वाटणारा हाच खळगा धमनीचे द्वार आहे. उत्तान वेधात पेशीची जाडी तिचे रक्षण करते. सुई खोल गेली तर रक्त पेशीतच साठते, बाहेर दिसत नाही, आणि तोंड अधिकच मिटते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, हे आधी विचारावे. रुग्णास नाव ठाऊक नसते, तेव्हा पाकीट मागवून पाहावे.

शिवाय प्रत्येक मिटलेले तोंड हनुग्रह नसते. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, सुपारी काही सुटली नाही. गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठ व दोरीसारख्या पट्ट्यांची लागल्यास दोष पेशीत नसून श्लेष्मल त्वचेखालील तंतुमयतेत असतो, आणि तीतून कर्करोग उद्भवू शकतो. अशा रुग्णास सुई न लावता दंतवैद्यकाकडे पाठवावे.