एक विमान, दोन आराखडे

युरोपातील एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली प्रवासी विमानाने २७ एप्रिल २००५ रोजी तूलूझ येथे पहिले उड्डाण केले. पुढच्याच वर्षी मात्र जोडणीच्या कामात मोठा अडथळा आला. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा बसवावयाच्या होत्या. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथून आलेल्या ताऱ्यांच्या जुड्या विमानाच्या सांगाड्यात बसेनात. कोठे त्या आखूड पडत, तर कोठे वळण जमत नसे. शेकडो जर्मन कामगारांना फ्रान्समध्ये जाऊन हातांनी तारा ओढाव्या लागल्या. विमाने सुमारे दोन वर्षे लांबणीवर पडली. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

याचे एक प्रमुख कारण संगणकातच होते. कॅटिया या आरेखन-प्रणालीची चौथी आवृत्ती हॅम्बुर्गमध्ये, तर पाचवी तूलूझमध्ये वापरली जात होती. एकाच विमानाचे हे आराखडे दोन ठिकाणी एकाच वेळी बदलत होते आणि त्यांचा परस्परांशी मेळ राहिला नाही.

येथे वाचक विचारतील की, दोन्ही आराखडे शेजारी ठेवून ताडून पाहता आले नसते काय? अडचण तेथेच आहे. समजा, एका अभियंत्याने तार धरणारी खुंटी दहा सेंटिमीटर पुढे सरकविली. त्याच दिवशी दुसऱ्याने वजन वाचविण्यासाठी तीच तार आखूड केली. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. बदल निरनिराळ्या आराखड्यांत झाल्यामुळे वरवर पाहता कोठेच विसंगती दिसत नाही. ‘ही तार या खुंटीवरून जाते’ हा संबंध स्वतंत्रपणे नोंदलेला असेल, तरच ती उघडकीस येते.

याच दिशेने संगणकशास्त्रज्ञ अँडी शूर यांनी १९९४ मध्ये एक पद्धती मांडली. तीत दोन आराखडे आणि त्यांना जोडणारी संबंधांची नोंद ही तिन्ही एकाच नियमाने उभी राहतात. त्याच नियमावरून पहिल्यातील बदल दुसऱ्यात नेता येतो आणि उलटही. परंतु दोन्हीकडे एकदमच बदल झाले असतील, तर एकीकडील बदल आंधळेपणाने पलीकडे नेल्यास तेथील ताजे काम पुसले जाण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही आराखडे शेवटी जेव्हा जुळत होते, ती स्थिती जपून ठेवावी लागते. त्या स्थितीपासून कोणी काय बदलले हे काढावयाचे, एकमेकांना न भिडणारे बदल यंत्राने पलीकडे न्यावयाचे, आणि भिडणारे बदल माणसाच्या निर्णयासाठी बाजूला ठेवावयाचे.

आपल्या महसुली दप्तराशी परिचय असलेल्यांना हे फारसे नवीन वाटणार नाही. जमिनीचा बदल तलाठी थेट सातबाऱ्यावर चढवीत नसे. तो प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जाई. हितसंबंधितांना नोटीस जाई, आणि हरकत आल्यास ते प्रकरण सहा-अ या वेगळ्या नोंदवहीत घेतले जाई. आज ही नोंद संगणकावर होत असली, तरी क्रम तोच आहे. हरकतीचा निर्णय आजही अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो. तार लांब ठेवावी की खुंटी मागे घ्यावी, हेही अभियंत्यालाच ठरवावे लागते.